तीन आकडे आणि एक कान : जुन्या ओम्नीच्या मिसिंगचे निदान

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरल्या वेळी पेटले नाही, किंवा अर्धवटच पेटले, की मिसफायर होतो. गॅरेजमध्ये त्यालाच ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडर असतील तर दर 240 अंशांना एक स्फोट होतो. इंजिन मिनिटाला 850 फेऱ्यांवर स्लो चालत असेल तर सेकंदाला असे साधारण 21 स्फोट होतात. एक सिलिंडर निकामी झाला की त्यातले 7 गळतात आणि ताकद तिसऱ्या हिश्शाने घटते. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर कुरकुरला तर चालवणाऱ्याला ते कधीकधी कळतही नाही. तीन सिलिंडरच्या गाडीत मात्र सीट, स्टिअरिंग आणि आरसा सगळेच थरथरू लागते.

मारुती ओम्नी ही अशी तीन सिलिंडरची गाडी. 1984 साली ती मारुती व्हॅन म्हणून आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन 796 सीसीचे, पुढच्या सीटखाली बसवलेले. सुरुवातीच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या. भंडारा–पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात अशी गाडी दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली असते. तिने दीड-दोन लाख किलोमीटर उलटलेले असतात, एखादे गॅस किटही तिला लागलेले असते, आणि तरी तिने रोज सकाळी चालू व्हावे अशी घरच्यांची गरज असते. अशा गाडीची मिसिंग एका फटक्यात जात नाही. नव्या गाडीत एक दोष असतो. जुनीत तीन-चार दोष एकमेकांत गुंतलेले असतात आणि एक सुधारला की दुसरा पुढे येतो.

निदान कसे करावे यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष मिस्त्रीचा. त्याचा भरवसा कानावर, हातावर आणि ‘बदलून पाहू’ यावर. दुसरा पक्ष आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेल्या तरुण तंत्रज्ञाचा. तो म्हणतो, आधी मोजा, मग बदला. पुढचे दोघे कुणी विशिष्ट नाहीत. ते या दोन पक्षांच्या वतीने बोलतात. समोर उदाहरणादाखल एक इंजेक्शनची ओम्नी आहे, एलपीजीचे किट लावलेली. प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या, कॉइल नवी, मिसिंग तशीच.

केव्हा होते?

मिस्त्री : बाबू, बोनेट उघडायच्या आधी मालकाला विचार. थंडीत करते का गरम झाल्यावर? उभी असताना का चढावर? पाऊस पडल्यावर का रोजच? अर्धी बिमारी तिथंच सापडते.

तंत्रज्ञ : मान्य आहे काका. पण मालक म्हणतो, ‘कधीही करते जी.’ मग काय करायचं?

मिस्त्री : मग त्याच्यासंगं गाडीत बसायचं आन् अड्याळहून भंडाऱ्याच्या रस्त्यानं एक फेरी मारून यायची. कधी करते ते आपल्याच कानानं ऐकायचं.

या मुद्द्यावर मिस्त्रीचे पारडे जड आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. मिसफायरची वेळ हाच पहिला पुरावा असतो. थंड इंजिनावर होऊन गरम झाल्यावर जात असेल तर मिश्रण पातळ असण्याकडे, म्हणजे कुठून तरी जादा हवा ओढली जाण्याकडे किंवा तापमानाच्या सेन्सरकडे संशय जातो. फक्त पावसाळ्यात, सकाळच्या ओलीत होत असेल तर करंट बाहेर गळतो आहे. चढावर, भरल्या गाडीत, पूर्ण रेस दिल्यावर होत असेल तर स्पार्क कमकुवत आहे किंवा पेट्रोल पुरत नाही. सकाळी गुळगुळीत, गरम झाल्यावर स्लोवर थरथर आणि वेग घेतला की पुन्हा साफ, असे असेल तर व्हॉल्व्हची शंका घ्यावी. उदाहरणातली ओम्नी या शेवटच्या प्रकारची आहे. हा प्रश्न आधीच विचारला असता तर प्लग, वायरी आणि कॉइलचा खर्च बहुधा झाला नसता.

गॅस किट असलेल्या गाडीत आणखी एक चाचणी फुकट मिळते. गाडी गॅसवर चालवावी, मग पेट्रोलवर. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर दोष किटच्या बाजूला. गॅसवर जास्त आणि पेट्रोलवर किंचित असेल तर स्पार्क दुबळा आहे, कारण एलपीजीचे मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागते आणि आजारी इग्निशन आधी गॅसवरच उघडे पडते. दोन्हींवर सारखीच मिसिंग असेल तर इंधनाचा पिच्छा सोडावा.

कोणता सिलिंडर?

मिस्त्री : गाडी चालू ठेवायची आन् एकेक प्लगची वायर काढायची. काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक नाही पडला तर तोच मेलेला.

तंत्रज्ञ : तत्त्व बरोबर आहे काका, पद्धत नको. वायर हवेत लोंबली की कॉइलला जायला वाट उरत नाही. तो करंट कॉइलच्या आतच फुटतो, नाही तर तुमच्या हातातून जातो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. इंजेक्टरचा प्लग काढा. सिलिंडर तसाच बंद होतो, पेट्रोलही जात नाही.

मिस्त्री : आन् कार्ब्युरेटरच्या गाडीत काय करतं?

तंत्रज्ञ : गाडी बंद करून त्या वायरीला जुना प्लग लावायचा, तो इंजिनला पक्का अर्थ द्यायचा, मग चालू करायची.

इथे स्कॅनरचा विषय निघतोच. भारतात ओबीडी-दोन ही व्यवस्था एप्रिल 2013 पासून भारत स्टेज चारच्या गाड्यांना लागू झाली. अशा गाडीत संगणक क्रँक सेन्सरवरून फेरीचा वेग सतत पाहतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला वेग किंचित पडला की तो मिसफायर मोजतो आणि P0301, P0302, P0303 असा सिलिंडरचा क्रमांक सांगणारा कोड नोंदतो. P0300 म्हणजे कोणताही एक सिलिंडर नाही, सगळीकडे विखुरलेली मिसिंग. इंजिनचा दिवा नुसता न पेटता लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर जळण्याइतकी मिसिंग चालू आहे, रेस सोडून गाडी कडेला घ्यावी. पण त्याआधीच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये हे मोजमाप बहुधा नसते, आणि बाजारातल्या स्वस्त ब्लूटूथ रीडरला अशा गाड्या अनेकदा दादच देत नाहीत. शिवाय कोड सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. P0302 दिसला म्हणून दोन नंबरचा प्लग बदलणे हेही ‘बदलून पाहू’च झाले, फक्त हातात मशीन घेऊन.

प्लग काय सांगतो

तिन्ही प्लग काढून क्रमाने कापडावर ठेवावेत, कोणता कुठला ते विसरू नये. ही पायरी दोघांनाही मान्य आहे. फिकट तपकिरी टोक म्हणजे सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे इंधन आले, पण पेटले नाही. तेलकट काळा थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेले. त्यातही सकाळी चालू करताना निळा धूर निघून बंद झाला तर सील, रेस देताना सतत निघत राहिला तर रिंग. पांढराफटक, भाजल्यासारखा दिसला तर मिश्रण पातळ आहे.

टोकाइतकेच वरच्या पांढऱ्या चिनीमातीकडेही लक्ष द्यायला हवे. उजेडात फिरवून पाहिले तर कधी तिच्यावर उभी, केसाइतकी बारीक काळी रेघ दिसते, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. पुसून ती जात नाही. करंट प्लगच्या टोकाशी न उडता चिनीमातीवरून बाहेर पळाल्याची ती खूण असते. तशीच रेघ प्लगच्या रबरी टोपीच्या आतही उमटलेली असते. म्हणून फक्त प्लग बदलला तर जुनी टोपी नव्या प्लगवर काही दिवसांत पुन्हा रेघ ओढते. प्लग आणि वायर जोडीने बदलण्याचे कारण हे आहे.

इग्निशन : बाहेर दिसणारा करंट

मिस्त्री : मी प्लग काढून बॉडीला लावतो आन् स्टार्टर मारायला सांगतो. निळा करंट उडाला की इग्निशन ओके.

तंत्रज्ञ : बाहेर उडतो जी, पण आत उडेलच असं नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिच्यातून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर दुबळा करंटही उडतो.

हा मुद्दा गॅरेजमध्ये फार दुर्लक्षित आहे. उघड्या हवेत उडालेला स्पार्क इतकेच सांगतो की इग्निशन पूर्ण मेलेले नाही. मोठी फट असलेला स्पार्क टेस्टर लावला की फरक कळतो. प्लगची फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फिलर गेजने पाहावी. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुतीत ती साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते. झिजून ती वाढली की कॉइलवरचा ताण वाढतो. प्लगच्या वायरी मल्टिमीटरने मोजून एकमेकींशी ताडून पाहाव्यात. लांबीप्रमाणे थोडा फरक चालतो, पण एकीचा आकडा इतरांच्या कित्येक पट असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटलेली आहे.

भंडाऱ्यासारख्या भाताच्या पट्ट्यात दोन गोष्टी जास्त पाहाव्या लागतात. पहिली उंदीर. धानाची पोती ठेवलेल्या कोठ्याशेजारी गाडी उभी राहिली की उंदीर सीटखालच्या उबेत येतो आणि वायरीचे आवरण कुरतडतो. दुसरी ओल. रात्री अंधारात बोनेट, ओम्नीत सीट, उघडून इंजिन चालू ठेवले आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर गळणारा करंट निळसर ठिणग्यांनी स्वतःच जागा दाखवतो. डिस्ट्रिब्युटरचे झाकण आतून तडकले असेल तर तेही यातच सापडते. उन्हाळ्याचा दोष उलटा असतो. विदर्भाच्या मे महिन्यात कॉइलच्या आतली तार तापून पसरते, बारीक चिरेशी संपर्क सुटतो, गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. अशी कॉइल थंड असताना मोजली तर मीटर तिला निर्दोष ठरवतो. ती गरम असतानाच मोजायला हवी. इथे मिस्त्रीची दुसरी कॉइल तात्पुरती लावून पाहण्याची पद्धत व्यवहारात जास्त उपयोगाची आहे, कारण उसनी लावलेली कॉइल परत करता येते.

इंधन आणि हवा

इनटेक मॅनिफोल्डचे गॅसकेट किंवा व्हॅक्यूमची रबरी नळी फाटली की मोजलेल्या हवेशिवाय जादा हवा आत जाते आणि स्लोवर मिसिंग येते. ती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची सवय काही ठिकाणी आहे. ओम्नीत इंजिन सीटखाली असते, तिथे हा प्रकार जिवाशी खेळ आहे. साबणाचे पाणी शिंपडावे. ते गळती क्षणभर बुजवते आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा विषयही टाळता येत नाही. शुद्ध पेट्रोलच्या 1 भागाला जाळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण 13.5. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक बऱ्याच अंशी भरून काढतो. कार्ब्युरेटरचे जेट ठरलेले असते, त्यामुळे जुन्या गाडीत मिश्रण पातळ पडते. इथेनॉल पाणी ओढतो. महिनाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी पावसाळ्यानंतर मिसिंग मारू लागली, तर आधी टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दोन थर दिसतात का ते पाहावे.

मिस्त्री : आपल्याकडे मशीन नाही ना बाबू. मिश्रण जाड का पातळ, कसं मोजतं?

तंत्रज्ञ : पीयूसीवाल्याकडे आहे जी. तो कागद नुसता पोलिसाला दाखवायचा नसतो.

हे उत्तर खरोखर मोलाचे आहे. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात. भारत स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल गाड्यांना 0.5 टक्के आणि 750 पीपीएम ही मर्यादा आहे. हायड्रोकार्बन खूप चढलेले आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, म्हणजे पेट्रोल जास्त नाही, ते न जळता बाहेर पडते आहे : स्पार्क, पातळ मिश्रण किंवा कॉम्प्रेशन. दोन्ही चढलेले, म्हणजे पेट्रोलच जास्त येते आहे. थोड्या पैशांत मिळणारी एवढी नेमकी चाचणी दुसरी नाही.

कॉम्प्रेशन

तंत्रज्ञ : काका, हे सगळं करायच्या आधी कॉम्प्रेशन काहून नाही पाहत?

मिस्त्री : इंजिनचं काम सांगितलं की मालक पळतो. म्हणून आधी स्वस्तातलं करून पाहतो.

तंत्रज्ञ : पण गेज लावायला मालकाचा खर्च होत नाही. दबाव नसेल तर नवा प्लग काय करणार?

या वादात तंत्रज्ञ बरोबर आहे, आणि दीड-दोन लाख किलोमीटरच्या गाडीपुरते तर निःसंशय बरोबर आहे. नव्या गाडीत कॉम्प्रेशन शेवटी पाहिले तरी चालते. जुनीत ते पहिल्याच दिवशी, प्लग बाहेर आहेत तेव्हाच मोजावे. इंजिन गरम असावे. तिन्ही प्लग काढावेत, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्शन सोडावे, बॅटरी भरलेली असावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. मग एकेका सिलिंडरला गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवावा. सुझुकीच्या अशा लहान पेट्रोल इंजिनात चांगला आकडा साधारण 12 ते 14 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, आणि सिलिंडरांमध्ये 1 किलोपेक्षा जास्त तफावत नसावी. मिसिंगसाठी तफावत जास्त बोलकी. तिन्ही 10.5 असलेले इंजिन अशक्त असते पण एकसारखे चालते. 13, 8, 13 असेल तर ते थरथरणारच.

एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगांची झीज, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्यामधले गॅसकेट फुटले आहे. तिन्ही सारखेच पडलेले असतील तर टायमिंग बेल्टने दात सोडला आहे का ते पाहावे.

नेमकी गळती शोधायला हवा भरण्याची चाचणी करतात आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. निकामी प्लगची चिनीमाती फोडून काढायची, उरलेल्या लोखंडी बॉडीत हवेची निपल ब्रेझिंग करून बसवायची, आणि पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी जोडायची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बेल्ट-पंख्याजवळ हात नाही. मग थोडी थोडी हवा सोडून ऐकायचे. एअर फिल्टरच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या टोकाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. इथे मिस्त्रीचा कान कुठल्याही मीटरपेक्षा सरस ठरतो.

उदाहरणातल्या ओम्नीत दोन नंबरचा सिलिंडर गरम इंजिनावर पडलेला आहे, ऑइल टाकून सुधारत नाही आणि हवा सायलेन्सरमधून येते. दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक लवकर खोल जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि त्याच्या व त्याला दाबणाऱ्या टॅपेटच्या मधली फट आटत जाते. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि फटच उरत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. स्लोवर गळायला वेळ भरपूर मिळतो, म्हणून मिसिंग. वेगात तेवढा वेळ नसतो, म्हणून गाडी साफ वाटते.

मिस्त्री : मालक म्हणत होता, टॅपेट आवाज करते. म्हणून मीच मागं टाइट केले होते.

तंत्रज्ञ : आवाज करणारा टॅपेट इंजिन मारत नाही काका. गप्प झालेला मारतो.

ओम्नीच्या इंजिनात सहा व्हॉल्व्ह असतात आणि त्यांची फट स्क्रू-नटने जुळवता येते. पुस्तिकेत थंड इंजिनासाठी दिलेल्या मापाने, फिलर गेज लावून ती जुळवावी, आवाजावरून कधीच नाही. व्हॉल्व्ह अजून जळला नसेल तर एवढ्यावरच मिसिंग जाते. जळला असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि बैठकीचे काम करावे लागते. पण हेडचे काम म्हणजे पूर्ण इंजिनचे काम नव्हे. बाकीचे दोन सिलिंडर 12-13 वर असतील तर रिंग-पिस्टन बदलायला सांगणाऱ्याला कारण विचारावे.

खर्च कितपत करावा हे त्याच आकड्यांवरून ठरते. 15 वर्षांनंतर कारच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले. तिन्ही सिलिंडर खचलेले, तेल जळणारे आणि पत्रा गंजलेला असेल तर हा पैसा आणि इंजिनचा पैसा दोन्ही घालणे शहाणपणाचे नाही. एकच सिलिंडर पडलेला असेल तर गाडी वाचवण्यासारखी आहे.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला एवढेच सांगणे : मिसिंगसाठी कोणताही पार्ट विकत घेण्याआधी मिस्त्रीकडून तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकडे बिलाच्या मागे तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.